पहिल्या दिवशी पिल्लू आणू नका : पिल्लांच्या एका प्रशिक्षणवर्गाचा सहा आठवड्यांचा अनुभव

कुत्र्याच्या पिल्लांच्या प्रशिक्षणवर्गात नाव नोंदवल्यावर सर्वांत आधी आलेली सूचना होती, ‘पहिल्या दिवशी पिल्लू घरीच ठेवा, तुम्ही एकट्या या.’ ती वाचून मी थोडी वैतागलेच, कारण शुल्क पिल्लासाठी भरले होते आणि शिकायचे होते तेही पिल्लानेच, अशी माझी तोवरची समजूत होती. आता वर्ग संपल्यावर कोणी मला त्यातला सर्वांत उपयोगाचा तास कोणता असे विचारले, तर मी त्या बिनपिल्लाच्या तासाचेच नाव घेईन.

त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या पिल्लाचा मिनिटभराचा व्हिडिओ आणायचा होता. माझ्या व्हिडिओत माझा भाचा आमच्या पिल्लाला, गुंडीला, कुशीत घट्ट धरून बसला होता आणि ती आनंदात आहे याबद्दल मला जराही शंका नव्हती. किंबहुना म्हणूनच तो व्हिडिओ निवडला होता. प्रशिक्षिकेने तो आवाज बंद करून अगदी संथ गतीने पुन्हा लावला. गुंडीचे कान मागे पडलेले होते. तिने त्या मिनिटभरात पाच वेळा जिभेने नाक चाटले. एकदा जांभई दिली, जी मी झोपेची समजले होते. आणि तोंड एकीकडे वळवून नजर मात्र भाच्यावर ठेवल्यामुळे तिच्या डोळ्याच्या कडेला पांढऱ्याची कोर दिसत होती. भाच्याने हात सैल करताच ती खाली उतरली आणि पाण्यातून बाहेर आल्यासारखे तिने अंग झटकले. ‘ती गुरगुरली नाही, चावली नाही, म्हणून तिला आवडले असे आपण धरून चाललो,’ एवढेच बाई म्हणाल्या आणि पुढच्या व्हिडिओकडे वळल्या. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही, कारण आपल्याही व्हिडिओत असेच काहीतरी निघणार हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकले होते.

वर्गाचे नाव मी मुद्दाम देत नाही; पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि पद्धत पारखण्यासाठी नावाची गरजही पडत नाही. स्वरूप साधे आहे : हा पहिला तास धरून सहा आठवडे, दर आठवड्याला एक तास, आठ ते चौदा आठवड्यांची आठ पिल्ले, एक प्रशिक्षिका आणि एक मदतनीस. जमीन घसरू नये म्हणून रबरी चटया घातलेल्या होत्या आणि प्रत्येक पिल्लाच्या जागेभोवती कमरेइतक्या उंचीचा पडदा होता, म्हणजे ज्याला इतरांकडे बघायचे नसेल त्याला बघावे लागू नये. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे शिकवण्याचा दावा माहितीपत्रकात नव्हता. पिल्लू दचकल्यावर त्याला सावरता यावे, एवढेच या वर्गाचे घोषित काम होते आणि माझी गरजही नेमकी तीच होती. नाकाच्या गोल काळ्या बटणामुळे गुंडी हे नाव पडलेले आमचे पिल्लू नऊ आठवड्यांचे असताना घरी आले आणि चौथ्याच दिवशी हातातून सुटलेल्या एका झाकणाच्या आवाजाने कपाटामागे शिरून अर्धा तास बाहेर आले नाही.

वयाची अट मला आधी जाचक वाटली होती, पण तिच्यामागे भक्कम कारण आहे. कुत्र्याच्या पिल्लाचा मेंदू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत नवी माणसे, आवाज, वास आणि जमिनी यांना ‘हे माझ्या जगातले’ म्हणून जितक्या सहज स्वीकारतो, तितक्या सहज पुढे कधीच स्वीकारत नाही. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि इलियट या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत माणसांपासून दूर वाढवली होती आणि वेगवेगळ्या वयांत त्यांना आठवडाभर माणसांचा सहवास दिला होता. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांना हा सहवास मिळालाच नाही, ती पिल्ले पुढे रानटी जनावरासारखी माणसाला बिचकतच राहिली. अडचण अशी की लसींचे वेळापत्रकही याच आठवड्यांत चालू असते, आणि पार्व्होसारखा पिल्लांना घातक विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे ‘सगळ्या लसी होईपर्यंत दाराबाहेर पाऊल नको’ हा सल्ला सर्रास दिला जातो. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांच्या अमेरिकी संघटनेने २००८ साली यावर निवेदन काढले; त्यानुसार सात-आठ आठवड्यांचे पिल्लू वर्गाला जाऊ शकते, मात्र पहिली लस किमान सात दिवस आधी झालेली असावी आणि जंताचे औषध दिलेले असावे. या वर्गात तोच नियम होता. दारातच लसींचे कार्ड तपासले जाई, बाहेरच्या चपला आत चालत नसत आणि प्रत्येक तुकडीनंतर जमीन जंतुनाशकाने पुसली जाई. एकदा कार्ड विसरलेल्या एका गृहस्थांना त्यांनी नम्रपणे पण ठामपणे परत पाठवले, तेव्हा मला बरेच हायसे वाटले.

गुंडीला घेऊन गेले त्या पहिल्या खऱ्या तासात तिने काहीच केले नाही. ती माझ्या खुर्चीखाली बसली, तासभर बसली, आणि बाईंनी तिला बसू दिले. मी खाऊ दाखवून तिला बाहेर काढू लागले तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि जे समजावले ते एकट्याने या वर्गाचे शुल्क वसूल करणारे होते. घाबरलेल्या पिल्लाला खाऊच्या आमिषाने भीतीच्या वस्तूजवळ नेले, तर ते खाऊपर्यंत जाते, खाते, आणि खाणे संपताच मान वर करते तेव्हा त्याला कळते की आपण नको तिथे येऊन पोहोचलो आहोत. काही दिवसांत त्याला वस्तूची भीती राहतेच, शिवाय खाऊ धरणाऱ्या हाताचाही संशय येऊ लागतो. म्हणून खाऊ टाकायचा तो पिल्लाच्या मागे, भीतीच्या उलट दिशेला. पिल्लू वळून मागे जाते, त्याला अंतर मिळते, सुटल्यासारखे वाटते, आणि मग पुष्कळदा तेच आपण होऊन पुन्हा पुढे येते, पुढचा खाऊ पडतो का ते पाहायला. पुढे येण्याचा निर्णय त्याचा, मागे जाण्याची वाट कायम मोकळी. मदतनीस मुलगा खुर्चीपासून तीन मीटरवर पाठ करून बसला आणि दर थोड्या वेळाने न बघता खुर्चीच्या मागच्या बाजूला एक कण टाकत राहिला. तास संपायला पाच-सात मिनिटे असताना गुंडी खुर्चीखालून निघाली, त्याच्या बुटाची नाडी हुंगली आणि परत जागेवर आली. बाकीची सात पिल्ले त्या वेळी एकमेकांचे कान ओढत होती आणि एखाद्या तिऱ्हाइताला आमचा तास वाया गेला असेच वाटले असते.

त्याच दिवशी आम्हाला प्रत्येकाला एक छोटी नोंदवही मिळाली. तिच्यात लिहायचे ते इतकेच : पिल्लू कशाला दचकले, ती गोष्ट किती दूर होती आणि दचकल्यापासून पुन्हा खाऊ घेईपर्यंत किंवा काहीतरी हुंगू लागेपर्यंत किती सेकंद गेले. किती वेळा घाबरले याची नोंद ठेवायची नव्हती. धीट पिल्लू म्हणजे न दचकणारे पिल्लू, ही कल्पना त्या वहीने माझ्या डोक्यातून हळूहळू काढून टाकली. दचकणार तर सगळीच, सावरायला कोणाला किती वेळ लागतो हाच काय तो फरक. माझ्या वहीतल्या पहिल्या पानावर झाडूसमोर ५० सेकंद, उघडणाऱ्या छत्रीसमोर दोन मिनिटांहून अधिक आणि शिंकेसमोर ८ सेकंद अशा नोंदी आहेत. शिंक माझीच होती.

आवाजांचा तास हा वर्गाचा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट तास ठरला. तत्त्व जुनेच आहे. १९२४ साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला त्याचे आवडते खाणे देत देत सशाचा पिंजरा दर वेळी थोडा जवळ आणला होता आणि अखेर तो मुलगा सशाला कुरवाळू लागला होता. गडगडाट, फटाके, भोंगे, लहान मुलांचे रडणे यांच्या ध्वनिफिती पिल्लांना अगदी हळू आवाजात ऐकवून त्यामागोमाग खाऊ देणे हा त्याचाच प्रकार. बाईंनी भर दिला तो क्रमावर. आधी आवाज, मग खाऊ, आणि मध्ये एखादा सेकंद. आपण घाईने आधीच पिशवीत हात घालतो, पिशवी चुरचुरते आणि नंतर आवाज येतो, असे चार-पाच वेळा झाले की पिशवीची चुरचुर हीच धोक्याची घंटा होऊन बसते आणि आवडता खाऊ पाहूनही पिल्लू दचकते. हे मी घरी नेमके उलट करत होते, हे ऐकून मला ओशाळल्यासारखे झाले.

आणि मग मदतनिसाने आधीच्या, मोठ्या कुत्र्यांच्या तुकडीसाठी वाढवलेला आवाज कमी न करताच गडगडाट लावला. दोन पिल्लांनी जागच्या जागी शू केली, एक केकाटत दाराकडे पळाले आणि गुंडी पडद्याखालून निसटून कोपऱ्यातल्या खोक्यांच्या ढिगात घुसली. ध्वनिफीत लगेच बंद झाली हे खरे, पण ज्या वर्गाचा सगळा डोलारा ‘पिल्लाला झेपेल तेवढेच’ या एका वाक्यावर उभा आहे, तिथे कळ दाबण्यापूर्वी आवाज किती आहे हे पाहिले न जाणे ही किरकोळ चूक म्हणता येणार नाही, आणि मी तसे बाईंना तोंडावर सांगितले. त्यांचे पुढचे वागणे मात्र नोंदवण्यासारखे होते. त्यांनी सारवासारव केली नाही, दिलगिरी व्यक्त केली, उरलेला तास आवाजांचा विषय पूर्ण सोडून दिला आणि पिल्लांना जमिनीवर विखुरलेला खाऊ हुंगून शोधू दिला, कारण नाकाला काम मिळाले की पिल्लू निवळते. पुढच्या आठवड्यात आवाज आधीपेक्षाही खाली नेऊन, जेमतेम ऐकू येईल अशा पातळीपासून सुरुवात झाली. ज्या तीन पिल्लांना जास्त धक्का बसला होता त्यांच्या घरच्यांना रोजचा वेगळा सराव लिहून दिला गेला आणि त्यात आम्हीही होतो. गुंडीला त्या ध्वनिफितीच्या आधीच्या पातळीवर यायला अकरा दिवस लागले.

त्या दिवशी खोक्यांच्या ढिगाशी मी जमिनीवर बसले आणि गुंडी आपण होऊन मांडीवर आली, तेव्हा तिला जवळ घ्यावे की नाही या विचाराने मी क्षणभर थबकले, कारण ‘घाबरल्यावर कुरवाळले की भीतीला खतपाणी मिळते’ हे मी अनेकांकडून ऐकले होते. बाईंनी हा समज एका वाक्यात निकालात काढला : भीती ही भावना आहे, ते काही बक्षीस मिळवण्यासाठी केलेले काम नव्हे, त्यामुळे आधार दिल्याने ती वाढत नाही. पिल्लू आपल्याकडे आले तर घ्यावे, आपण त्याच्यावर झडप घालू नये, आणि आवाजात नसती काळजी आणू नये. याच्या उलटची चूक अधिक महागात पडते. पिल्लाला भीतीच्या गोष्टीसमोर धरून ठेवले की काही वेळाने ते निपचित होते आणि आपण म्हणतो, झाली सवय. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली दाखवून दिले होते की विजेच्या झटक्यांपासून सुटण्याचा कोणताच मार्ग नसलेल्या परिस्थितीत ठेवलेले कुत्रे पुढे मार्ग मोकळा असतानाही पळण्याचा प्रयत्न सोडून देतात. शांत बसलेले पिल्लू सावरलेले आहे की हरलेले, हे त्याच्या शेपटीवरून, श्वासावरून आणि मुख्य म्हणजे ते खाऊ घेते का यावरून ओळखायचे असते.

या वर्गाआधी आम्ही घरी येणाऱ्या एका प्रशिक्षकाला दोनदा बोलावले होते. पट्ट्याला अचानक झटका देणे आणि पिल्लाला पाठीवर पाडून दाबून धरणे हे त्याचे दोन मुख्य उपाय. दुसऱ्या भेटीनंतर गुंडी पट्टा हातात घेताच पलंगाखाली जाऊ लागली आणि आम्ही त्याला येऊ नका असे कळवले. पोर्तुगालमधील संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांवर केलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी नंतर वाचला. शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले. त्याहून बोलकी होती वाडग्याची चाचणी : एका बाजूच्या वाडग्यात नेहमी खाणे असते, दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात कधीच नसते, आणि मग वाडगा मधोमध ठेवला की कुत्रा किती वेगाने तिकडे जातो हे मोजायचे. शिक्षेने शिकलेले कुत्रे त्या मधल्या वाडग्याकडे सावकाश जात, जणू तिथे काही नसणारच. पलंगाखालून बाहेर येणाऱ्या गुंडीची चाल मला ते वाचताना आठवली.

हाताळणीच्या तासाला मी सर्वाधिक गुण देईन. नखे कापणे, कान पाहणे, तोंड उघडणे, पशुवैद्याकडे होते ते सगळे इथे आधीच आणि तुकड्या-तुकड्यांनी घडवले जाते. त्यासाठी शिकवलेली युक्ती अशी : आपण तळहात पुढे करायचा, पिल्लाने त्यावर हनुवटी ठेवली की दुसऱ्या हाताने पंजाला स्पर्श करायचा, आणि त्याने हनुवटी उचलली की तत्क्षणी हात काढून घ्यायचा. हनुवटी खाली म्हणजे चालू दे, वर म्हणजे थांब. पहिल्या दिवशी गुंडीने दोन सेकंदांत हनुवटी उचलली, मी हात काढला, ती माझ्याकडे बघत राहिली, आणि पुन्हा हनुवटी ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा हात निघाला. असे सहा-सात वेळा झाले आणि प्रत्येक वेळी ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की हिला नवीन खेळणे सापडले आहे, आणि ते खेळणे मी आहे, हे स्पष्टच दिसत होते. थांबवण्याची कळ आपल्या हाती आहे हे एकदा कळल्यावर तिला ती वापरण्याची गरज कमी कमी वाटू लागली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आम्ही एका बैठकीत चार नखे कापली. ज्यांच्याकडे नखे कापताना तीन माणसे लागतात त्यांना याचे मोल कळेल.

यानंतरचा तास ‘छोट्या अडचणीं’चा होता. टॉवेलच्या वळकटीत गुंडाळलेला खाऊ, खोक्यात खोके, किंचित डगमगणारी फळी, पायाखाली चुरचुरणारा कागद, मूठ बंद करून धरलेला खाऊ जो पंजा मारून मिळत नाही पण क्षणभर थांबले की मिळतो. पालकांनी मध्ये पडायचे नाही, ही या तासाची एकमेव अट होती आणि तीच आम्हाला सर्वांत जड गेली. एका आजोबांनी तर सगळ्यांची नजर चुकवून टॉवेलची घडी पायाने सैल करून दिली. बाईंनी या तासाचे समर्थन करताना २०१७ सालच्या एका अभ्यासाचा दाखला दिला. अंधांना साथ देणारे कुत्रे तयार करणाऱ्या ‘द सीइंग आय’ या अमेरिकी संस्थेतील ९८ पिल्ले जन्मापासून पाहिली गेली, आणि ज्यांच्या आया आडव्या पडून सहज दूध देत, सतत चाटत-गोंजारत, त्यांची पिल्ले पुढे प्रशिक्षणात अधिक प्रमाणात नापास झाली. ज्या आया बसून किंवा उभ्या राहून पाजत, म्हणजे दुधासाठी पिल्लाला थोडी धडपड करावी लागे, त्यांची पिल्ले यशस्वी होण्याचे प्रमाण जास्त होते. यावरून पिल्लाला मुद्दाम त्रास द्यावा असा अर्थ कोणी काढू नये. त्या धडपडीच्या शेवटी दूध मिळतच होते, हे विसरायचे नाही. गुंडीने टॉवेल उलगडायला चार मिनिटे घेतली, मध्ये दोनदा माझ्याकडे पाहून भुंकली, आणि खाऊ मिळाल्यावर तो तोंडात धरून रिकाम्या टॉवेलभोवती एक फेरी मारली.

क्लिकरबद्दल, म्हणजे पिल्लाने बरोबर केले की दाबून ‘टिक्’ आवाज करायच्या छोट्या यंत्राबद्दल, थोडक्यात सांगते. तो दिला जातो, तो चालतो, पण एका हातात पट्टा, दुसऱ्यात खाऊ आणि तिसरा हात नसल्यामुळे मी दुसऱ्याच आठवड्यात तो खिशात टाकला आणि ‘शाब्बास’ या शब्दावर भागवले. काही बिघडले नाही.

खेळाच्या तासाबद्दल माझी तक्रार कायम आहे. आठ पिल्ले ही संख्याच एका प्रशिक्षिकेला जास्त आहे, आणि त्यांत वयाने एकसारखी पण आकाराने दुप्पट-तिप्पट असलेली पिल्ले एकत्र सोडली गेली. एका भल्यामोठ्या, स्वभावाने मुळीच वाईट नसलेल्या पिल्लाने गुंडीला तीनदा खाली पाडले आणि तिसऱ्या वेळी ती शेपूट पायांत घालून माझ्या पायांमागे आली. खेळ दोघांनाही हवा आहे का हे ओळखायची रीत त्यांनी स्वतःच शिकवली होती : वरचढ पिल्लाला क्षणभर धरून ठेवायचे आणि खालचे पिल्लू परत त्याच्याकडे जाते की दूर जाते ते पाहायचे. ही चाचणी पहिल्या पाडण्यानंतर व्हायला हवी होती. ती तिसऱ्या पाडण्यानंतर, मी हाक मारल्यावर झाली. पुढच्या आठवड्यात मी सांगून गुंडीसाठी तिच्याच अंगलटीच्या एका शांत पिल्लाबरोबर वेगळा कोपरा मागितला आणि तो लगेच मिळाला, पण तो न मागता मिळायला हवा होता. बाहेर रस्त्याकडेला अंतरावर बसून केवळ पाहत राहण्याचा शेवटचा तास त्या मानाने निर्वेध पार पडला. सायकल, हातगाडी, काठी टेकत चालणारे वृद्ध, हेल्मेट घातलेला माणूस. प्रत्येकाकडे पाहिले की एक कण खाऊ, आणि वीस मिनिटांनी घरी. वीस मिनिटांवर त्यांचा कटाक्ष होता, कारण पिल्लाच्या मनात दचकणी साचत जातात. एकेकटी पचलेली चार भये एका संध्याकाळी लागोपाठ आली की पाचव्या, अगदी क्षुल्लक गोष्टीला ते फुटते आणि आपल्याला वाटते उगाचच भुंकते आहे.

झोपेचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. या वयाचे पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपते, किंवा झोपू दिले तर झोपते. आमच्या घरात येणारे-जाणारे तिला उचलत, खेळवत, आणि संध्याकाळी ती सर्वांच्या घोट्यांना चावत सुटे, तेव्हा आम्ही तिला दमवण्यासाठी आणखी खेळवत असू. बाईंच्या सांगण्यावरून आम्ही तासभर जाग आणि मग पडदा ओढलेल्या कोपऱ्यात सक्तीची विश्रांती असा क्रम धरला आणि घोट्यांचे चावे आठवड्याभरात निम्म्याहून कमी झाले. बाकीचे दुधाच्या दातांचे काम होते, त्याला इलाज नाही.

उणिवांत आणखी दोन गोष्टी आहेत. सोबत दिलेली पुस्तिका कोणत्या तरी परक्या भाषेतून घाईने उतरवलेली असावी. ‘पिल्लाच्या उंबरठ्याच्या खाली राहा’ या वाक्याचा अर्थ मला बाईंना विचारावा लागला, आणि तो ‘पिल्लू बिचकू लागण्याच्या अलीकडेच थांबा’ असा साधा निघाला. दुसरी उणीव गंभीर आहे : सहाव्या आठवड्यानंतर काहीच नाही. वयात येताना, साधारण सहा महिन्यांनंतर, बऱ्याच कुत्र्यांत जुनी भीती पुन्हा डोके वर काढते हे त्यांनीच सांगितले, मग त्या काळासाठी एखादा उजळणीचा तास ठेवायला काय हरकत आहे? शेवटच्या दिवशी टोपी घालून काढलेल्या छायाचित्राऐवजी मी तो आनंदाने घेतला असता. गुंडीने टोपीची गोंड्याची दोरी खाल्ली.

कोणी जावे याबद्दल स्पष्टच लिहिते. ज्यांना सहा आठवड्यांत आज्ञाधारक कुत्रा हवा आहे त्यांची निराशा होईल. गुंडी आजही ‘बस’ म्हटल्यावर दहापैकी सहा वेळा बसते. ज्यांचे पिल्लू आत्ताच माणसांवर दात काढून धावून जाते किंवा भीतीने खाणे सोडते, त्यांनी गटाच्या वर्गात न जाता आधी वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला दाखवावे. पण ज्यांचे पिल्लू बारा आठवड्यांच्या आतले आहे, जरा बिचकणारे आहे, आणि ज्यांची स्वतः शिकण्याची तयारी आहे, त्यांनी अशा पद्धतीचा वर्ग शोधावा आणि नाव नोंदवण्यापूर्वी पिल्लू न नेता एक तास नुसते बसून पाहावे. घाबरलेल्या पिल्लाला तिथे मागे जाण्याची वाट मोकळी असते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

आम्ही नोंदवही अजून लिहितो. पाच महिन्यांची झाल्यावर मागच्या आठवड्यात गुंडी रोजच्या वाटेवरच्या कचऱ्याच्या डब्याला अचानक भुंकू लागली. डबा तोच होता, फक्त वाऱ्याने आडवा पडला होता. मी पट्टा ओढला नाही, खाऊ तिच्या मागे टाकला. ती वळली, खाल्ला, परत आली, मान लांब करून लांबूनच हुंगले, पुन्हा मागे गेली, आणि तिसऱ्या खेपेला नाकाचे बटण डब्याच्या कडेला लावून आली. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : कचऱ्याचा डबा, आडवा, चार मीटर, २५ सेकंद.